कन्नड गावाजवळच्या गौताळा अभयारण्य, अंतूर किल्ला अशा डोंगरवाटांवर फिरायला हातातला जीपीएस कोणता घ्यावा?

बटणांचा, पेन्सिल सेलवर चालणारा घ्या. गार्मिन ईट्रेक्स २२एक्स पुरेसा आहे. दोन एए (पेन्सिल) सेलवर कंपनी २५ तास सांगते, आणि असे सेल कन्नडमध्ये कुठल्याही दुकानात मिळतात. घामेजल्या हातांनी टचस्क्रीन त्रास देतो, बटणं देत नाहीत. तो जीपीएससोबत ग्लोनास या रशियन यंत्रणेचे उपग्रहही धरतो. कड्याखाली अर्धं आभाळ झाकलं जातं तिथे हे फार कामाचं. ओपनस्ट्रीटमॅपचा (लोकांनी मिळून बनवलेला मोफत) नकाशा मात्र घरूनच भरून न्या, आणि गाडी लावली ती जागा आधी नोंदवा.

एक सांगतो: इनरीचसारखं उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र घेऊ नका. भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय ते वापरणं बेकायदेशीर आहे. साध्या जीपीएसला ती अडचण नाही.