कूपने आणि सेल वापरूनही किराण्याचा खर्च का वाढतो?

तीन महिने नियमाने कूपने जमवली, सेल पाहूनच खरेदी केली, तरी आठवड्याच्या किराण्याचा खर्च कमी होण्याऐवजी थोडा वाढलाच, असे आपण लिहिले आहे. आणि या सवलतींत खरोखर बचत असते की तो नुसता देखावा, असा आपला प्रश्न आहे. घरचा किराणा गेली बरीच वर्षे मीच आणतो, त्यामुळे स्वतःच्या हिशेबावरून उत्तर देतो. बचत होते, पण ती ज्याला नेहमीचा भाव ठाऊक आहे त्याची होते. भाव ठाऊक नसताना हाती आलेले कूपन बहुधा दुकानदाराच्याच पथ्यावर पडते.

सुरुवातीला माझीही आपल्यासारखीच गत झाली होती. एकदा आवराआवर करताना कपाटातून कपडे धुण्याच्या पावडरीच्या सात पिशव्या निघाल्या. सातही पिशव्या सवलतीत घेतलेल्या होत्या आणि प्रत्येक वेळी आपण शहाणपणा केला असे मला वाटले होते. त्यांपैकी दोन पिशव्या ओल लागून दगडासारख्या झाल्या होत्या. त्याच काळातल्या पावत्या काढून पाहिल्या, तेव्हा लक्षात आले की रोज लागणारे तेल मात्र मी तीन वेळा पूर्ण भावाने आणले होते, कारण ते संपल्यावर सेलची वाट पाहण्याची सोयच उरत नव्हती. एवढी मोठी सूट मिळवून व्यवहार शेवटी आतबट्ट्याचाच ठरला होता.

त्यानंतर मी एक छोटी वही घातली आणि माझ्या मते सगळ्या युक्त्यांमध्ये तीच सर्वांत कामाची आहे. घरात नेहमी लागणाऱ्या वीस-पंचवीस वस्तू तिच्यात प्रत्येकी एका पानावर आहेत. पानावर तारीख, दुकान, वजन, किंमत आणि शेवटी प्रतिकिलो किंवा प्रतिलिटर दर एवढेच लिहायचे, आणि तो दर सवलतीतला असेल तर त्याला गोल करायचा. पहिले दोन महिने ही वही निरुपयोगी वाटते. तिसऱ्या महिन्यापासून ती बोलू लागते. एखाद्या फळीवर लाल अक्षरांत ‘खास भाव’ लिहिलेला असतो आणि आपल्या वहीत तोच भाव मागच्या महिन्यात कोणत्याही पाटीविना नोंदलेला सापडतो. छापील किंमत खोडून तिच्यापुढे लिहिलेली सवलतीची किंमत मी आता पाहतच नाही. माझी तुलना वहीतल्या गोलाशी असते.

प्रतिकिलो दर काढण्याचा कंटाळा करू नये, कारण खरी मेख तिथेच असते. मोठे पाकीट स्वस्त पडते हा समज पुष्कळदा खरा ठरतो, पण नेहमीच नाही. लहान पाकिटावर सेल लागला की हिशेब सहज उलटतो. किंमत तीच ठेवून वजन घटवण्याचा प्रकार तर आता सर्वत्र रूढ आहे. 1,000 ग्रॅमचे पाकीट त्याच किमतीत 900 ग्रॅमचे झाले, तर दर 11 टक्क्यांनी वाढलेला असतो आणि त्यावरची 10 टक्के सूट म्हणजे जवळपास जुनाच भाव. अनेक दुकानांत फळीवरच्या चिठ्ठीत, किमतीच्या खाली बारीक अक्षरांत, हा दर छापलेला असतो. तिथे फक्त एक पाहावे लागते: एका वस्तूचा दर 100 ग्रॅमला आणि शेजारच्या वस्तूचा किलोला दिलेला असू शकतो.

सवलतीची भाषाही आकड्यांत उतरवून घ्यावी लागते. ‘दोनावर एक मोफत’ म्हणजे 33 टक्के सूट आणि ‘दुसऱ्या नगावर निम्मी सूट’ म्हणजे दोन्ही नगांवर मिळून 25 टक्के. ‘25 टक्के जादा माल मोफत’ ही दरातली सूट 20 टक्क्यांचीच असते. आधी 20 टक्के सूट आणि उरलेल्या रकमेवर पुन्हा 20 टक्के, असे कूपन असेल तर एकूण सूट 40 नव्हे, 36 टक्के होते. यात फसवणूक काही नाही, पण घाईत उभे असताना मोठा आकडाच डोळ्यांत भरतो. या सगळ्या सवलतींना एक अलिखित अटही असते: जास्तीचा नग घरात खरोखर वापरला गेला पाहिजे.

आता सेलविषयी. जाहिरातीच्या पहिल्या पानावर ज्या तीन-चार वस्तू ठळक छापलेल्या असतात, त्यांवर दुकानदार पुष्कळदा नफा घेत नाही, प्रसंगी तोटाही सोसतो. त्या वस्तूंसाठी आलेला माणूस बाकीचा किराणाही तिथेच भरणार, हा त्याचा अंदाज असतो आणि तो बहुतेक वेळा बरोबर निघतो. त्या ठळक वस्तू, त्याही यादीत असल्या तरच, घ्याव्यात आणि बाकीच्या वस्तूंसाठी वही उघडावी. सेलला ठरावीक फेराही असतो. माझ्या वहीत काही वस्तूंचे गोल साधारण दीड-दोन महिन्यांच्या अंतराने पडलेले दिसतात. आपल्याकडे ते अंतर वेगळे असेल, पण सहा महिने नोंदी ठेवल्या की ते कळते. एकदा कळले की किती साठा करायचा याचे उत्तर आपोआप मिळते: पुढच्या फेऱ्यापर्यंत पुरेल एवढा. साबण महिन्याला दोन लागत असतील आणि फेरा दोन महिन्यांचा असेल, तर चार किंवा पाच घ्यावेत; बारा घेण्याचे कारण नाही. सात पिशव्यांची माझी चूक नेमकी इथे झाली होती.

साठा फक्त टिकाऊ वस्तूंचा करावा. नवे पाकीट मागे आणि जुने पुढे ठेवण्याची शिस्त घरातल्या सगळ्यांना लावावी लागते. आमच्याकडे ती लागायला वर्ष गेले. नाशवंत माल मुदत जवळ आली म्हणून निम्म्या भावात मिळतो, तेव्हा त्यावरचे शब्द नीट वाचावेत. ‘या तारखेपूर्वी वापरा’ ही सूचना सुरक्षिततेची असते आणि तिच्याशी खेळू नये. ‘या तारखेपर्यंत उत्तम’ ही दर्जाविषयीची सूचना असते आणि नीट ठेवलेली वस्तू त्यानंतर लगेच खराब होतेच असे नाही. निम्म्या भावात आणून अर्धे टाकून दिलेले सामान पूर्ण भावानेच पडते.

कूपनांकडे मी सर्वांत शेवटी वळतो, कारण यादी आणि वही झाल्यावरच त्यांचा क्रम लागतो. कूपन कशासाठी जन्माला आले हे पाहिले की पुष्कळ उलगडा होतो. 1887 च्या सुमारास अमेरिकेत कोका-कोलाने ‘एक पेला मोफत’ अशा चिठ्ठ्या वाटल्या, तेव्हा हेतू तहानलेल्या माणसाचे पैसे वाचवण्याचा नव्हता. नवे पेय एकदा तोंडाला लागावे हा होता. आजही बहुतेक कूपने नव्या, महागड्या किंवा तयार पदार्थांवर असतात आणि कच्चे धान्य किंवा भाज्या यांवर क्वचितच दिसतात. म्हणून ‘कूपन आहे, वस्तू घेऊ’ असे म्हणण्याऐवजी ‘वस्तू घ्यायची आहे, कूपन आहे का’ एवढेच पाहावे. कूपन लावूनही नामांकित वस्तू साध्या वस्तूपेक्षा महाग पडत असेल आणि घरात दोन्ही चालत असतील, तर कूपन खुशाल वाया जाऊ द्यावे.

दोन गोष्टी मात्र जरूर वापराव्यात. कूपन उत्पादकाचे आणि दुकानाचे असे दोन प्रकारचे असते आणि काही दुकानांत एकाच वस्तूवर दोन्ही चालतात. तसे चालत असेल, तर उत्पादकाचे कूपन हाताशी ठेवून त्याच वस्तूवर दुकानाचा सेल लागण्याची वाट पाहावी. माझी सर्वांत मोठी बचत अशाच दोन-तीन योगांमधून झाली आहे. दुसरी गोष्ट अटींची. ‘कमाल सूट’ किती आणि ‘किमान खरेदी’ किती हे आधी पाहावे. समजा, आपली गरज 70 ची आहे आणि 100 च्या खरेदीवर 15 सुटतात. सूट मिळवण्यासाठी 30 चे जादा सामान घेतले तर आपण 70 ऐवजी 85 देतो. ते सामान पुढच्या आठवड्यात तसेही लागणार असेल तरच तो सौदा बरा. आपला खर्च वाढला आहे तो बहुधा या एका अटीमुळेच, असा माझा अंदाज आहे. तीन महिन्यांची बिले काढून तेवढे तपासून पाहा. ग्राहक कार्डावरच्या गुणांची किंमत पैशांत काढली तर ती सहसा किरकोळ निघते, त्यामुळे केवळ गुणांसाठी दुकान बदलू नये.

यादी किरकोळ असेल तर ढकलगाडी न घेता हातातली टोपली घ्यावी. 1937 मध्ये ओक्लाहोमा शहरातले दुकानदार सिल्व्हन गोल्डमन यांनी ढकलगाडी आणली, तीच मुळी हातातली टोपली जड झाली की गिऱ्हाईक खरेदी थांबवते हे पाहून. आपल्याला तोच अडथळा हवा आहे.

काउंटरवर कूपन आधी द्यावे आणि पावती दारातच वाचावी, कारण फळीवरचा सेलचा भाव यंत्रात चढलेला नसणे ही नेहमीची गोष्ट आहे. मला असा फरक अनेकदा सापडला आहे आणि नम्रपणे दाखवला की पैसे बहुतेक वेळा परत मिळाले आहेत. घरी पोहोचल्यावर त्यासाठी कोणी परत जात नाही. सेलची वस्तू संपली असेल तर नवा माल आल्यावर तोच भाव मिळेल का, हेही तिथेच विचारावे. काही दुकाने तशी चिठ्ठी लिहून देतात.

वेळेलाही मर्यादा घालावी. मी खरेदीच्या आदल्या रात्री वीस मिनिटे देतो: आधी घरातले डबे पाहतो, मग यादी, मग जाहिरात आणि शेवटी कूपने. आपण पुढचे चार आठवडे कूपने बाजूला ठेवून फक्त वही भरावी असे मी सुचवेन. सुरुवात ज्या दहा वस्तूंवर सर्वाधिक पैसे जातात त्यांपासून करावी. त्या कोणत्या, हे जुन्या बिलांवरूनच कळेल.