चिपळूण-गुहागर रस्त्यावर गाडीतून सतत खडखड येते, गॅरेजमध्ये सापडत नाही. घरच्या घरी काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय की आवाज पुढच्या डाव्या बाजूने येतो, सकाळी कमी आणि दुपारी जास्त, आणि गॅरेजमध्ये गाडी उभी असली की काहीच ऐकू येत नाही. सकाळ-दुपारचा हा फरक फार मोलाचा आहे. त्यावरून मला सस्पेन्शनपेक्षा आतल्या प्लास्टिकचाच संशय येतो. आपल्याकडच्या उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड हात ठेवू देत नाही इतका तापतो. पॉलिप्रॉपिलीनसारखं साधं प्लास्टिक तापल्यावर पोलादाच्या आठपट तरी जास्त फुगतं. ते ज्या पत्र्यावर बसवलंय तो तेवढा फुगत नाही. त्यामुळे फटी बदलतात आणि सकाळी घट्ट बसलेला भाग दुपारी वाजायला लागतो.

काहीही उघडण्याआधी गाडी पूर्ण रिकामी करा. ग्लोव्ह बॉक्स, दाराचे कप्पे, सीटखालची जागा, डिकीतला जॅक आणि पाना, सगळं बाहेर काढा. आणि डावीकडच्या रिकाम्या सीटचा बेल्ट बघा. त्याची धातूची जीभ मधल्या खांबाच्या प्लास्टिकवर आपटत असते, आणि एकट्याने गाडी चालवणाऱ्याला तो आवाज दारातूनच येतोय असं वाटतं. बेल्ट लॉकमध्ये अडकवून एक फेरी मारा. कित्येकदा शोध इथेच संपतो.

तरी आवाज राहिला तर गाडी दुसऱ्या कुणाला चालवायला द्या आणि तुम्ही डावीकडे बसा. गावातला पेव्हर ब्लॉकचा रस्ता यासाठी उत्तम, कारण हळू वेगात एकसारखे हादरे मिळतात. घाटात किंवा हायवेवर हे करू नका. तळहाताने एकेक भाग दाबून धरा: दाराचं पॅनल, ग्लोव्ह बॉक्सचं झाकण, एसीची जाळी, डॅश आणि काच भेटते ती कड. जिथे दाबल्यावर आवाज थांबतो, तिथेच काम आहे. गाडी उभी असताना म्युझिक सिस्टिमवर ४० ते १२० हर्ट्झचे खालचे सूर वाजवूनही दाराचं सैल पॅनल पकडता येतं. गॅरेजमध्ये हा प्रयोग फारसा कुणी करत नाही, पण करायला हवा.

आवाज दारातूनच येतोय असं निघालं तर बहुतेक दोष पॅनल दाराला धरून ठेवणाऱ्या क्लिपांचा असतो. पॅनल एकदा उघडलं गेलं की एखाद-दुसऱ्या क्लिपेचे कान तुटतात आणि पॅनल उरलेल्या क्लिपांवर तसंच बसवलं जातं. गाडीचं डेंटिंग किंवा स्पीकरचं काम झालं असेल तर हे आधी तपासा. किनाऱ्यालगत खारं वारं असल्यामुळे धातूच्या स्प्रिंग क्लिपा आणि स्क्रू गंजून सैल होतात, तेही बघा. हँडल आणि आर्मरेस्टच्या टोप्यांखालचे स्क्रू आधी काढा. मग प्लास्टिकच्या पट्टीने, क्लिपेच्या अगदी जवळ, पॅनल उचका. स्क्रू ड्रायव्हरने पॅनलची कड फाटते. दुकानात जुनी क्लीप सोबत न्या. दिसायला सारख्या क्लिपांच्या मानेच्या जाडीत फरक असतो आणि बारीक क्लीप बसली तरी वाजतेच.

पॅनलमागे चिकटवलेला प्लास्टिकचा कागद मात्र जपा. पावसाचं पाणी काचेवरून दाराच्या पोटात उतरतं आणि खालच्या भोकांतून बाहेर जातं. ते गाडीत येऊ न देण्याचं काम तो कागद करतो. तो फाटला किंवा नीट चिकटवला नाही, तर आषाढात पायाखालचं मॅट ओलं राहील आणि कुबट वास सुटेल. तो वास खडखडीपेक्षा वाईट.

दोन कडक प्लास्टिकं एकमेकांवर घासत असतील तर त्यांच्यामध्ये पातळ फेल्ट टेप (नमद्यासारख्या मऊ कापडाची चिकटपट्टी) लावा. आयसोप्रोपिल अल्कोहोलने जागा पुसल्याशिवाय टेप टिकत नाही. दारात आणि डॅशमागे वायरींचे कनेक्टरही लोंबकळत वाजतात, त्यांना तीच टेप गुंडाळा. साधा स्पंज कोंबू नका, आपल्या दमट हवेत तो पाणी धरून ठेवतो आणि आजूबाजूचा पत्रा गंजतो. दाराच्या रबराची करकर असेल तर रबर धुऊन, सुकवून सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. इंजिन ऑइल किंवा साधं ग्रीस लावलं तर ते रबर हळूहळू फुगून खराब होतं.

एक गोष्ट स्वतः करू नका. काचेशेजारच्या खांबाच्या प्लास्टिकवर ‘एअरबॅग’ लिहिलेलं असेल, किंवा कुठे पिवळ्या कनेक्टरच्या वायरी दिसल्या, तर ते काम जाणत्या माणसाकडे सोपवा. त्या भागात टेप किंवा फोम भरणंही धोक्याचं, कारण एअरबॅग उघडायची वाट त्याने अडू शकते.

आणि सगळं दाबून पाहूनही आवाज बदलला नाही, उलट स्पीडब्रेकरवर एक चाक चढताना पायाखालून टक्-टक् जाणवलं, तर स्टॅबिलायझरची (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याची) लिंक आणि रबरी बुश तपासून घ्या. त्यासाठी गाडी वर उचलावी लागते.

काच पूर्ण वर असताना आणि अर्धी खाली असताना आवाजात फरक पडतो का, तेवढं बघून लिहा. फरक पडत असेल तर दोष क्लिपांचा नसून काचेच्या खाचेतल्या रबराचा असू शकतो, आणि मग पॅनल उघडण्याआधी ते रबर बघावं लागेल.