खुबा मोडला, ऑपरेशन करावं का?

प्रश्न : आई ७६ वर्षांची. बाथरूममधून येताना पडली, खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर लगेच ऑपरेशन करा म्हणतात. या वयात भूल झेपेल? पडून राहून हाड जुळणार नाही का?

उत्तर : भुलीची भीती मला रोज ऐकू येते, अंथरुणाची कुणीच बोलून दाखवत नाही. धोका ऑपरेशनलाही आहेच. पण आठवडेच्या आठवडे पडून राहिलं की न्यूमोनिया, पायात रक्ताच्या गुठळ्या, माकडहाडापाशी जखमा, असं एकेक मागे लागतं. शिवाय मांडीच्या हाडाची मान (खुब्यातल्या गोळ्याखालचा अरुंद भाग) मोडली असेल तर तिथला रक्तपुरवठा तोकडा; ती आपसूक जुळण्याचा भरवसा नाही. म्हणून शक्यतो ४८ तासांच्या आत ऑपरेशन आणि दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करणं. आई कुरकुरतील, तरी उभं कराच.

आईंसारखं पडून हाड मोडणं काही विरळ नाही. २०१९ साली जगभरात सुमारे १७ कोटी ८० लाख नवी फ्रॅक्चर्स झाली. सर्वांत मोठं कारण पडणं. (बातमी मात्र रस्त्यावरच्या अपघाताचीच होते.)

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आजच सांगा. आणि घरी सोडताना हाडांच्या ठिसूळपणावरचं औषध स्वतःहून विचारा. ते हमखास राहून जातं.