फिश टँकला भोक नाही, संप (खालची जोडटाकी) हवाय: पैसे आत्ता घालायचे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 120 बाय 45 बाय 50 सेंटिमीटरचा रीफ टँक, म्हणजे खाऱ्या पाण्याचा प्रवाळांचा (कोरलचा) फिश टँक, काचेला भोक न पाडलेला (न ड्रिल केलेला), कोरल छान सेट झालेत, आता खाली संप, म्हणजे पाणी फिरवणारी दुसरी टाकी लावायचीय आणि वरून ओव्हरफ्लो बॉक्स, म्हणजे वरचं पाणी खाली संपमध्ये नेणारा डबा, काठावर अडकवायचाय. पैसे इमर्जन्सी फंडातून काढणार, त्यात सध्या दोन महिन्यांचा खर्च आहे आणि संपच्या सामानाची यादी त्यातला जवळजवळ निम्मा खाते. वर घर भाड्याचं, आणि दीड वर्षात बदलायचा विचार.

माझं मत आधीच सांगतो, आत्ता नको. संप वाईट आहे म्हणून नाही हं, उलट संप म्हणजे पाणी वाढतं, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) आणि हीटर नजरेआड जातात, वरची पातळी एकसारखी राहते, हे सगळं खरंय. पण तुम्ही जे विकत घेताय त्यातला ओव्हरफ्लो बॉक्स हा फक्त या टँकपुरता, या घरापुरता आहे आणि नेमका तोच सगळ्यात जास्त जोखमीचा आहे.

ते जोखमीचं नीट बघू, कारण यादीत त्याची किंमत कुणी लिहीत नाही. अडकवायचा बॉक्स सायफनवर चालतो, म्हणजे पाण्याने भरलेल्या वाकड्या नळीतून पाणी काठावरून आपोआप खाली ओढलं जातं. नळीत हवा साठली, गोगलगाय किंवा शेवाळ अडकलं की सायफन तुटतो किंवा मंदावतो, आणि खालचा पंप मात्र बिचारा पाणी वर ढकलतच राहतो. तुमच्या संपचा रिटर्नचा कप्पा, म्हणजे पाणी परत वर पाठवणारा पंप जिथे बसतो तो, समजा 24 लीटर धरतो, तर ते सगळं वर आलं की तुमच्या टँकची पातळी साडेचार सेंटिमीटरच्या आसपास वाढणार, आणि काठाखाली जागा 3 सेंटिमीटर असेल तर सात-आठ लीटर खारं पाणी फरशीवर. इथवर पुसून घेता येईल म्हणा. पण त्याच कप्प्यात ऑटो टॉप ऑफचा, म्हणजे आटलेलं पाणी आपोआप भरणाऱ्या यंत्राचा सेन्सर असेल तर त्याला वाटतं पाणी आटलं, आणि तो गोड्या पाण्याची आख्खी टाकी ओततो, म्हणजे फरशी तर गेलीच, वर टँकचा खारटपणाही खाली. तुम्ही ऑफिसात असताना हे झालं तर नुकसान कोरलचं, लाकडी फर्निचरचं, खालच्या मजल्यावरच्या छताचं, घरमालकाच्या डिपॉझिटचं, आणि ते भरायला जो फंड आहे तोच तुम्ही अर्धा केलेला असणार. मला खटकतं ते हे, संपची किंमत नाही. घराचा विमा असेल तर फिश टँकच्या पाण्याने झालेलं नुकसान त्यात बसतं का ते लेखी विचारून घ्या.

लाईट गेली की उलटा प्रकार. पंप बंद, वरचं पाणी खाली उतरतं जोवर ओव्हरफ्लो बॉक्सच्या काठावरच्या दातांपर्यंत (खाचांपर्यंत) पातळी येत नाही आणि रिटर्नच्या पाइपचं वरचं तोंड (नोझल) उघडं पडत नाही. तुमच्या टँकमध्ये 3 सेंटिमीटर उतरणं म्हणजे सोळा लीटर, तेवढी जागा संपमध्ये कायम रिकामी लागते. चेक व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) बसवतो म्हणालात, त्यात घाण अडकली की तो पूर्ण बंद होत नाही, त्यावर भरवसा ठेवून संप काठोकाठ भरू नका.

चालू खर्चही धरा. 40 वॉटचा रिटर्न पंप दिवसरात्र चालला की वर्षाला सुमारे 350 युनिट, स्किमरचा पंप 20 वॉटचा धरला तर अजून 175. संपमध्ये 80 लीटर पाणी वाढलं आणि तुम्ही दर आठवड्याला 10 टक्के बदलता, तर वर्षाला अंदाजे 15 किलो मीठ जास्तीचं. तुमच्या युनिटचा नि मिठाचा दर लावून बघा, दीड वर्षाचा आकडा यादीच्या शेवटी लिहा आणि मग परत बेरीज करा.

ड्रिल करून घेऊ का हेही विचारलंत. डायमंड होल सॉ, म्हणजे काचेला भोक पाडणारं गोल पातं, तशी स्वस्त वस्तू, पण काच टेम्पर्ड (तापवून कडक केलेली) असेल तर भोक पडत नाही, आख्खी काच फुटते. तयार टँकमध्ये बऱ्याचदा तळ टेम्पर्ड असतो आणि बाजू साध्या, पण गृहीत धरू नका, बनवणाऱ्याला विचारा. आणि साधी असली तरी आधी जिवंत खडकांसकट (उपयोगी जीवाणू वाढलेल्या दगडांसकट) सगळं बाहेर काढायचं, हे घर बदलताना एकदा करायचंच आहे ना, मग दोनदा कशाला.

मग आत्ता काय घ्यायचं? जे पुढच्या टँकलाही चालेल तेवढंच. ऑटो टॉप ऑफ घ्या, तो आत्ता वरच्या टँकवर चालेल आणि पुढे संपवर. टेंपरेचर कंट्रोलर घ्या. काठावर टांगायचा स्किमर मोहात पाडेल, पण पुढे संप आला की तो नुसता कपाटात पडून राहणार, म्हणून नायट्रेट (पाण्यात साठणारं माशांच्या घाणीचं द्रव्य) आवाक्यात असेल तर वॉटर चेंजवरच, म्हणजे थोडं थोडं पाणी बदलण्यावरच भागवा. नायट्रेट खरंच हाताबाहेर असेल तर वापरलेला स्किमर बघा, तोवर नवे मासे नकोत.

संपच्या यादीची रक्कम अठराने भागा आणि दर महिन्याला तेवढी वेगळ्या खात्यात टाका, पण आधी इमर्जन्सी फंड निदान तीन महिन्यांवर न्या, सहा झाले तर उत्तमच. आणि हप्त्यावर घेऊ का म्हणाल तर नाही, पंपाची वॉरंटी संपल्यावरही हप्ते चालू राहतील अशी वस्तू हप्त्यावर घेत नाहीत. नव्या घरात ड्रिल केलेला टँक घेताना दोन भोकं मागून घ्या, एक मेन ड्रेन (पाणी खाली जायची मुख्य वाट) आणि एक ती तुंबली तर इमर्जन्सीची, आणि रिटर्नचा कप्पा एवढाच लहान ठेवा की तो पूर्ण वर आला तरी टँक वाहणार नाही. घर बदलणं रद्द झालं तर मला नवे आकडे पाठवा, मग हा हिशोब वेगळा होईल.