वाचकांचे प्रश्न : ॲब्सॉर्बन्स तीनपाशीच का अडकतो?

प्रश्न : पोटॅशियम परमँगनेटच्या १ मिलिमोलर द्रावणाचा ५२५ नॅनोमीटरला ॲब्सॉर्बन्स (द्रावण किती प्रकाश शोषते त्याचे माप) स्पेक्ट्रोफोटोमीटरवर २.३० आला. २ मिलिमोलरचा दुप्पट यायला हवा होता, पण यंत्र २.९९ दाखवते. बिअर-लँबर्टचा नियम (ॲब्सॉर्बन्स संहतीच्या प्रमाणात वाढतो) इथे लागू पडत नाही का?

उत्तर : नियम शाबूत आहे, दमछाक यंत्राची झाली आहे. ॲब्सॉर्बन्स १ म्हणजे दहा टक्के प्रकाश आरपार, २ म्हणजे एक टक्का, ३ म्हणजे हजारातला एक भाग. परमँगनेटची मोलर शोषकता (१ मोलर द्रावणाचा १ सेंमी जाडीतला ॲब्सॉर्बन्स) ५२५ ला साधारण २४०० लिटर प्रति मोल प्रति सेंटिमीटर असते. म्हणजे १ सेंमी क्युव्हेटमध्ये (द्रावण ठेवायच्या पारदर्शक कुपीत) खरे आकडे २.४ आणि ४.८ हवेत. ४.८ ला लाखातले जेमतेम दीड भाग प्रकाश बाहेर पडतो. पण मोनोक्रोमेटरमधून (हवी ती तरंगलांबी निवडणाऱ्या भागातून) नको त्या तरंगलांबीचा प्रकाशही थोडाफार झिरपतो आणि द्रावणात न अडता थेट डिटेक्टरवर पोचतो. हा भटका प्रकाश ०.१ टक्का धरून हिशेब केला, तर २.४ चे २.३० होतात आणि ४.८ चे २.९९. हे तुमचेच आकडे! अशा यंत्रावर द्रावण डांबरासारखे दाट केले तरी काटा तीनपाशीच थांबणार.

तीच द्रावणे १ मिमीच्या क्युव्हेटमध्ये मोजून पाहा. ०.२४ आणि ०.४८ आले, तर द्रावण ठीक आणि दोष वरच्याच कारणाचा. एरवी ॲब्सॉर्बन्स ०.१ ते १ च्या दरम्यान येईल एवढे विरळ करून घ्यावे.

प्रश्न : मोलर शोषकता एकाच द्रावणावरून काढली तर चालेल का?

उत्तर : भागाकार होईल, पण उत्तरात चूक दडली तर कळणार नाही. ०.१५८ ग्रॅम परमँगनेट उकळून गार केलेल्या ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवून १ लिटर करा. हे झाले १ मिलिमोलर. फिल्टर पेपरने गाळू नका, कागदाशी परमँगनेटची क्रिया होते. यातले ५, १०, १५, २० आणि २५ मिली पिपेटने घेऊन प्रत्येकी १०० मिली करा, ब्लँक (यंत्र शून्यावर आणायचा, परमँगनेट नसलेला नमुना) त्याच पाण्याचा ठेवा. ॲब्सॉर्बन्स साधारण ०.१२ ते ०.६० येतील. ॲब्सॉर्बन्स विरुद्ध संहती (मोल प्रति लिटर) या आलेखाचा चढ हीच १ सेंमीसाठी मोलर शोषकता. रेषा सरळ आहे पण शून्यातून जात नाही, असे झाले तर आधी क्युव्हेट बघा: बोटांचे ठसे, चिकटलेला बुडबुडा, ब्लँक एका क्युव्हेटमध्ये आणि नमुना दुसऱ्यात. आतून तपकिरी थर दिसला तर तो मँगनीज डायऑक्साइड; पाण्याने जात नाही, आम्ल घातलेल्या सौम्य हायड्रोजन पेरॉक्साइडने लगेच सुटतो.

रेषा निर्दोष, तरी चढ २४०० पेक्षा बराच कमी? मग यंत्राची बँडविड्थ (एका वेळी नमुन्यावर पडणाऱ्या तरंगलांबींच्या पट्ट्याची रुंदी) तपासा. परमँगनेटची ५२५ आणि ५४५ ची शिखरे अरुंद आहेत. २० नॅनोमीटर बँडविड्थच्या साध्या यंत्रात शिखर आणि शेजारची दरी एकत्र मोजली जाते, त्यामुळे आकडा खाली येतो. वजन-मापात चूक शोधत बसण्यात अर्थ नाही.

प्रश्न : २६० नॅनोमीटरला काचेचा क्युव्हेट वापरून ब्लँकने शून्य केले, तरी आकडा नाचत राहतो. असे का?

उत्तर : साधी काच ३४० च्या खाली स्वतःच प्रकाश शोषते. ब्लँक वजा झाला तरी डिटेक्टरपर्यंत प्रकाशच पोचत नाही, उरतो तो नुसता नॉइज. क्वार्ट्झचाच क्युव्हेट हवा. द्रावकही तपासा: ॲसिटोन ३३० च्या खाली निरुपयोगी, इथेनॉल साधारण २१० पर्यंत चालते.