नववीची मुलं बालवाडीत आणताना

ताई, नववीची मुलं तुमच्या बालवाडीत मदतीला आली, की पहिल्याच दिवशी त्यांना शिकवायला उभं करू नका. आठवडाभर नुसतं बघू द्या. प्रत्येकाने एकच बाळ निवडायचं. ते काय उचलतं, कशाला कंटाळतं, कुणाजवळ जातं, ते वहीत लिहायचं. मी हे न करता एका मुलाच्या हाती वर्ग दिला. त्याने तीन वर्षांच्या पोरीला अर्धा तास 'अ' गिरवायला लावला, ती रडली. चूक माझीच, त्याने शाळेत जे पाहिलं तेच केलं.

बालशिक्षणाचं काम उभं करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी गावात परिसरातल्या वस्तूंचीच साधनं केली. तुम्हीही चिंचोके, पानं, काड्यापेटीची खोकी आणायला सांगा. मात्र चिंचोके मोजून द्या, मोजून परत घ्या. नाकात जातात हो!

गोष्ट सांगताना खाली मांडी घालून बसायचं, आणि बाळाच्या घरच्या बोलीत बोलायचं. इथे नववीची मुलं आपल्यालाही मागे टाकतात. शी-शूला नेणं मात्र मोठ्यांचंच काम, ते त्यांच्यावर टाकू नका. रोज दहा मिनिटं वह्या घेऊन बसा. लाल पेन घरीच ठेवा.