कागदावर राफ्ट, जमिनीत सुटी फुटिंग

प्रश्न : सोलापुरातील आमची सोळा सदनिकांची इमारत काळ्या जमिनीवर असून तिचा उत्तरेकडचा भाग बुजवलेल्या जुन्या नाल्यावर येतो. ताबा मिळून चार वर्षे दोन महिने झाले. मागील उन्हाळ्यापासून उत्तरेकडच्या सदनिकांत खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरके तडे गेले असून दारे चौकटीत अडकतात. करारनाम्याच्या वेळी दाखवलेल्या नकाशात राफ्ट पाया (संपूर्ण इमारतीखालचा सलग स्लॅब) होता. माझ्या मेव्हण्याने काम चालू असताना काढलेल्या फोटोंत मात्र प्रत्येक कॉलमखाली सुटे चौकोनी खड्डे दिसतात. बिल्डर म्हणतो की हे उन्हाने पडलेले केसासारखे तडे आहेत आणि काळ्या मातीपुढे कोणाचे काही चालत नाही. सोसायटीने काय करावे?

उत्तर : प्रथम मुदतीकडे पाहा. स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम, २०१६ म्हणजेच रेरा कायद्याच्या कलम १४(३) नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातील दोष प्रवर्तकाच्या (म्हणजे बिल्डरच्या) निदर्शनास आणून दिल्यास तो त्याने कोणतेही शुल्क न घेता तीस दिवसांत दूर करावयाचा असतो. तसे न केल्यास नुकसानभरपाई मागता येते. आपल्याकडे दहा महिने उरले आहेत. या मुदतीत दोष कळवणे आवश्यक आहे, निकाल लागणे नव्हे. तरीही साइटवरच्या सुपरवायझरला तोंडी सांगितले किंवा ग्रुपवर फोटो टाकले, एवढ्यावर विसंबू नका. सोसायटीच्या सभेत ठराव करून सदनिकानिहाय तडे नोंदवलेली लेखी नोटीस स्पीड पोस्टाने व ईमेलने पाठवा आणि पोच जपून ठेवा.

आता मुख्य मुद्दा. राफ्टऐवजी सुटी फुटिंग (प्रत्येक कॉलमखालचा स्वतंत्र पाया) टाकली एवढे सिद्ध केले की प्रकरण जिंकले, असा आपल्या पत्राचा सूर दिसतो. तो मला धोक्याचा वाटतो. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, म्हणून ती ओलांडून खालच्या पक्क्या मुरुमावर फुटिंग टेकवणे ही आपल्याकडची मान्य पद्धत आहे, आणि बिल्डरचा वकील नेमके हेच सांगेल. राफ्ट म्हणजे सर्व कॉलमांखालून जाणारा सलग काँक्रीटचा स्लॅब. जमीन कमी ताकदीची किंवा जागोजागी वेगळी असेल तेव्हा भार पसरावा आणि एक कोपरा दुसऱ्यापेक्षा जास्त खचू नये म्हणून तो घेतात. अर्धी इमारत मुरुमावर आणि अर्धी नाल्याच्या भरावावर असेल, तर सुट्या फुटिंगचा धोका याच ठिकाणी असतो. म्हणून सिद्ध करावयाची गोष्ट अशी की उत्तरेकडची फुटिंग भरावातच थांबली आहेत आणि तडे त्यामुळेच पडले आहेत. आयएस १९०४ या भारतीय मानकाच्या १९८६ च्या आवृत्तीत खचण्याच्या मर्यादा दिल्या होत्या, मऊ चिकणमातीवरील आरसीसी इमारतीसाठी सुट्या फुटिंगला ७५ मिलिमीटर, तर राफ्टला १०० मिलिमीटर. दोन कॉलमांमधील असमान खचण्याची मर्यादा त्याहून बरीच कडक आहे आणि आपल्या तज्ज्ञाने मोजायची ती तीच.

हे सिद्ध करण्याआधी तडे लिंपू नका. ही सूचना मी पुन्हा पुन्हा करतो, कारण दिवाळीपूर्वी रंगकाम उरकण्याच्या घाईत पुरावा पुट्टीखाली जातो. प्रत्येक मोठ्या तड्यावर काचेची छोटी पट्टी प्लास्टरने आडवी बसवा, तिच्याशेजारी तारीख लिहा आणि दर पंधरा दिवसांनी फोटो घ्या. तडा उन्हाळ्यात रुंदावून पावसाळ्यात मिटत असेल, तर मातीच्या फुगण्या-आकसण्याकडे बोट जाते. ऋतू कोणताही असो, तो एकाच दिशेने वाढत राहिला, तर पाया खचतो आहे असे मानण्यास आधार मिळतो. त्यानंतर अनुभवी स्ट्रक्चरल अभियंत्याच्या देखरेखीखाली, बिल्डरला आगाऊ लेखी सूचना देऊन, उत्तरेकडच्या एका कॉलमाशेजारी चाचणी खड्डा घ्यावा, पंचनामा आणि व्हिडिओ करावा, आणि फुटिंगचा तळ कोणत्या थरात आहे ते नोंदवावे. सूचना मिळूनही बिल्डर आला नाही, तर ती अनुपस्थितीही नोंदवावी. भर पावसात मात्र पायाशेजारी खोदू नये.

मेव्हण्यांच्या फोटोंची मूळ फाइल, ज्या फोनमधून काढले त्या फोनसह, सांभाळून ठेवा. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील प्रमाणपत्राशिवाय प्रिंटवर आक्षेप येईल. महापालिकेकडून माहिती अधिकारात बांधकाम परवानगीच्या फाइलमधील नकाशे, स्ट्रक्चरल अभियंत्याचे दाखले आणि असल्यास सॉइल टेस्टचा अहवाल मिळवा. काँक्रीटच्या गाड्यांची चलने (डिलिव्हरीच्या पावत्या) बिल्डरकडून मागा, ती हाती लागली तर फार बोलकी ठरतात : तीनशे चौरस मीटरच्या अर्धा मीटर जाड राफ्टला दीडशे घनमीटर काँक्रीट लागते, आणि सहा घनमीटरच्या गाडीने मोजले तर पंचवीस खेपा होतात. एवढ्या खेपांची नोंदच नसेल, तर राफ्ट झालाच नाही हे सांगायला दुसऱ्या साक्षीदाराची गरज उरत नाही.

रेरा कायद्याच्या कलम १४(२) ची जोड येथे उपयोगी आहे. मंजूर नकाशे आणि इमारतीच्या तपशिलात बदल करण्यास दोन तृतीयांश सदनिकाधारकांची लेखी पूर्वसंमती लागते. किरकोळ बदलांना त्या कलमात सूट आहे, परंतु स्पष्टीकरणात संरचनात्मक बदल त्या सुटीतून वगळलेला आहे, त्यामुळे ‘साइटवर थोडे बदलले’ हा बचाव टिकणे कठीण. अर्थात हा मुद्दा किती भक्कम होईल, हे राफ्टचा नकाशा करारनाम्याला जोडला होता की नुसता दाखवला होता यावर अवलंबून आहे. परिशिष्टे आजच काढून पाहा.

केसासारख्या तड्यांबद्दल बिल्डर ज्या कलमाचा आधार घेतो, ते बहुतेक करारनाम्यांत असते : वीस अंशांहून अधिक तापमानफरकामुळे भिंतींना पडणारे केसाएवढे तडे हा दोष मानला जाणार नाही. मात्र त्याच वाक्यात बहुधा आरसीसी संरचना वगळलेली असते, आणि तिरका, वाढत जाणारा, दार अडवणारा तडा केसाएवढा नसतो. आपला मजकूर शब्दशः वाचा.

मंच कोणता निवडावा? सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये इम्पेरिया स्ट्रक्चर्स प्रकरणात ग्राहक आयोग आणि रेरा हे दोन्ही मार्ग खुले असल्याचे सांगितले. तरी एकाच मागणीसाठी दोन्हीकडे जाऊ नये. ग्राहक आयोगात कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते आणि आपले तडे मागील उन्हाळ्यापासूनचे आहेत, हे लक्षात असू द्या. पाच वर्षांची आणि तीस दिवसांची तरतूद सरळ लागू होत असल्याने मी महारेराकडे, म्हणजे महाराष्ट्रातील रेरा प्राधिकरणाकडे, जाणे पसंत करीन. तेथे कलम ३१ खाली सोसायटीला तक्रार करता येते. दुरुस्तीचा आदेश प्राधिकरण देते, नुकसानभरपाईसाठी मात्र कलम ७१ खालील निर्णय अधिकाऱ्याकडे स्वतंत्र अर्ज करावा लागतो. करारनाम्यावर महारेराचा नोंदणी क्रमांक नसेल, तर ग्राहक आयोगाचा विचार आधी करावा आणि मग दोन वर्षांची मुदत महत्त्वाची ठरेल.

मागणी लिहिताना ‘तडे बुजवून द्यावेत’ असे लिहू नका. बिल्डर गवंडी पाठवून तेवढेच करील. पाया मजबूत करण्याचा उपाय स्ट्रक्चरल अभियंत्याकडून ठरवून घ्या आणि तोच, त्याच्या अंदाजपत्रकासह, तक्रारीतील पहिली मागणी करा.